रोजच्या गोळीचा इतिहास

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर एखादा लेख द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा गोपिकाबाईंचे गंगापूर किंवा आनंदीबाईंची आनंदवल्ली असा एखादा विषय मी निवडीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. नाशिकात राहून इतिहास लिहावयाचा तर तसे विषय पावलोपावली सापडतात. परंतु इतिहास काही केवळ वाड्यांत आणि घाटांवरच घडतो असे नाही. तो कित्येकदा घरातल्या फडताळातही घडत असतो. आज ज्या वस्तूची हकिगत मी सांगणार आहे ती अशीच फडताळातली आहे. पुष्कळ घरांत ती डाळींच्या डब्यांमागे, लुगड्यांच्या घडीखाली, कोणाच्या दृष्टीस पडू नये अशा बेताने ठेवलेली असते. ती वस्तू म्हणजे एचआयव्हीच्या रुग्णाने रोज घ्यावयाची गोळी.

भगिनींनो, नाव वाचून पान उलटू नका. हळदीकुंकवाच्या गप्पांत हा विषय निघत नाही, हे मी जाणते. पण २०२३ सालच्या सरकारी अंदाजाप्रमाणे भारतात सुमारे २५ लाख माणसे या विषाणूसह जगत आहेत. त्यांत स्त्रिया निम्म्याच्या जवळपास आहेत आणि सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. तेव्हा हा विषय आपल्या दाराबाहेरचा मानण्यात अर्थ नाही. शिवाय या गोळीच्या इतिहासाचे दोन भाग आहेत. गोळी कशी निघाली, हा पहिला भाग शास्त्रज्ञांचा. ती रोज, न चुकता, वर्षानुवर्षे माणसाच्या पोटात कशी जाते किंवा का जात नाही, हा दुसरा भाग. तो घराचा आणि शेजाराचा आहे, म्हणजेच आपला आहे.

हा दुसरा भाग नीट समजावा म्हणून थोडे मागे जाऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी तो पुण्यात पसरला. सरकारने १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा केला. गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले, आणि रोगी सापडला की त्याला उचलून इस्पितळात व घरच्यांना छावणीत नेऊ लागले. हेतू रोग आवरण्याचा होता. परिणाम असा झाला की लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, अडगळीच्या खोलीत, धान्याच्या कोठारात आजारी माणसे दडवली गेली. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले मात्र आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंताच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यातच त्यांना प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा देहान्त झाला. एकाच शहरात, एकाच साली या दोन रीती दिसल्या. एका रीतीने रोगी दडला, दुसरीने तो दवाखान्यात आला. पुढील सर्व हकिगतीत या दोन रीती पुन:पुन्हा भेटतील.

दुसरा धडा क्षयाचा. क्षयरोग्याला घरापासून दूर डोंगरावर, चांगल्या हवेत ठेवावे, अशी पूर्वी समजूत होती. आपल्या देवळालीला याच कारणाने नाव मिळाले, आणि पाचगणीचे बेल-एअर सॅनेटोरियम १९१२ साली याच समजुतीवर उभे राहिले. पण गरिबाने सॅनेटोरियमचा खर्च कोठून आणावा? आणि वर्षभर आई घराबाहेर राहिली तर मुलांना कोणी पाहावे? १९५६ साली मद्रासला एक संशोधन-केंद्र निघाले. डॉ. वॉलेस फॉक्स हे त्याचे प्रमुख होते. तेथे १९३ गरीब रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये ठेवला, दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरीच राहिला. औषध दोघांना एकच दिले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेल्यांना जवळजवळ तितकाच गुण आला होता. घरातल्या इतरांना लागण होण्याचे प्रमाणही त्यामुळे वाढले नव्हते. हवा, विश्रांती, दूधतूप यांपेक्षा ठरलेले औषध नेमाने पोटात जाणे हे खरे महत्त्वाचे ठरले.

परंतु त्याच केंद्राला एक अडचणही उमगली. पुढे बरे वाटू लागले की माणसे गोळ्या टाळीत. कार्यकर्ते अचानक घरी जाऊन गोळ्या मोजीत, लघवी तपासीत. रुग्णाने औषध घेतले की नाही, याची काळजी हा वैद्यकाचाच एक भाग आहे, हे तेथे पक्के झाले. इंग्रजी वैद्यकात याला प्रथम 'आज्ञापालन' अशा अर्थाचा शब्द होता, म्हणजे डॉक्टराने सांगावे आणि रुग्णाने ऐकावे. पुढे तो शब्द मागे पडून 'धरून राहणे' अशा अर्थाचा शब्द रूढ झाला. केवळ शब्दाचा हा फरक नव्हे. आज्ञा पाळण्याला धाक पुरतो. धरून राहावयाचे तर धरण्याजोगे काही हाताशी असावे लागते.

आता मूळ विषयाकडे येऊ. १९८१ साली अमेरिकेत या रोगाच्या पहिल्या नोंदी झाल्या, आणि १९८३ साली फ्रान्समध्ये त्याचा विषाणू सापडला. भारतात तो आहे, हे १९८६ साली मद्रासला उघडकीस आले. ते उघडकीस आणणाऱ्या दोघी स्त्रियाच होत्या. एक डॉ. सुनीती सॉलोमन. मद्रासेत चामड्याचा व्यापार करणाऱ्या महाराष्ट्रीय गायतोंडे घराण्यातील ही मुलगी. दुसरी त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला. निर्मलाबाईंनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि सोय नाही म्हणून ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. वेल्लोरला तपासणी झाली, तेव्हा त्यांतील सहा जणींच्या रक्तात विषाणूचा माग मिळाला. सुनीतीबाईंनी पुढे १९९३ साली वडिलांच्या नावाने मद्रासेत या रुग्णांसाठी संस्था काढली. २०१५ साली त्या निवर्तल्या.

या शोधानंतर सरकार व समाज या दोघांनीही प्रथम कोणती रीत धरली? प्लेगचीच. गोव्यात १९८९ सालच्या १४ फेब्रुवारीला डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले. तो नेमाने रक्तदान करीत असे आणि त्यातूनच त्याच्या रक्तातील विषाणूचा पत्ता लागला होता. गुन्हा एवढाच की तो आजारी होता. त्या वेळच्या गोव्याच्या कायद्यात अशा माणसाला वेगळे कोंडून ठेवण्याची तरतूद होती. त्याला म्हापशाच्या एका ओस पडलेल्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस ठेवण्यात आले. मद्रासच्या प्रयोगाला तीस वर्षे होऊन गेल्यावर पुन्हा तेच रिकामे सॅनेटोरियम कामाला आले, हे पाहून खेद वाटतो. त्याची आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. डॉमिनिक सुटला. कायदा मात्र न्यायालयाने त्या वेळी अवैध ठरवला नाही. सुटल्यावर त्याने आपल्यासारख्यांसाठी संस्था उभी केली, आणि १९९२ साली त्याचे निधन झाले. आईने मुलासाठी न्यायालयाची पायरी चढावी आणि त्यातून पुढच्या लढ्याला तोंड फुटावे, ही गोष्ट आपल्या मंडळाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आणखी एक दावा आला. रक्तात विषाणू आढळला म्हणून एका रोजंदारी कामगाराला कामावरून दूर केले होते. त्याचे नाव उघड होऊ नये म्हणून दाव्यात केवळ आद्याक्षरे घातली गेली. माणूस काम करण्यास समर्थ असेल आणि इतरांना त्याच्यापासून धोका नसेल, तर केवळ या कारणावरून त्याचे काम काढून घेता येणार नाही, असा निर्णय झाला. नाव झाकून न्याय मागता येतो, हे त्या दाव्याने दाखवले.

या वर्षांत औषधाचे काय चालले होते? १९८७ साली पहिले औषध निघाले. ते दर चार तासांनी, रात्रीसुद्धा उठून घ्यावे लागे. एकट्या औषधाला विषाणू लवकरच दाद देईनासा होई. १९९६ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या परिषदेत तीन औषधे एकत्र दिल्याने विषाणू दबून राहतो, हे जगापुढे आले. अंथरुणाला खिळलेली माणसे उठून कामाला लागली. पण त्या उपचाराची किंमत एका माणसामागे वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होती. आपल्याकडील रुग्णाच्या दृष्टीने ते औषध असून नसल्यासारखेच होते.

येथे मुंबईचे नाव येते. भारताच्या १९७० सालच्या पेटंट कायद्यात औषधाच्या वस्तूवर पेटंट नव्हते, ती बनवण्याच्या कृतीवर होते. वेगळ्या कृतीने तेच औषध बनवण्याची मुभा होती. १९३५ साली मुंबईत स्थापन झालेल्या सिप्ला कंपनीने तिन्ही औषधे एकाच गोळीत घातली. परदेशात ही तीन औषधे वेगवेगळ्या कंपन्यांच्या मालकीची असल्याने अशी एक गोळी तेथे निघू शकत नव्हती. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीचे युसुफ हमीद यांनी ही औषधे एका परदेशी वैद्यकीय सेवासंस्थेला वर्षाला ३५० डॉलर, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दराने देऊ केली. तेव्हापासून किमती उतरत गेल्या. अखेर १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे मोफत देण्यास आरंभ केला. आरंभीच्या आठ रुग्णालयांत महाराष्ट्रातील मुंबईचे जे. जे. होते. म्हणजे नाशिकच्या माणसाला फुकट औषध हवे, तर मुंबईची गाडी धरणे आले. पुढे केंद्रे वाढत गेली आणि आपल्या सिव्हिलमध्येही ती सोय झाली.

येथवर इतिहासाचा पहिला भाग झाला. औषध निघाले, स्वस्त झाले, फुकट झाले. मग प्रश्न संपला का? नाही. कारण हे औषध विषाणूला मारून टाकीत नाही, फक्त वाढू देत नाही. काही विषाणू शरीरात दडून बसलेलेच असतात. आपल्या निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागायतदारांच्या घरच्या भगिनींना हे सहज कळेल. पावसाळी हवेत डाऊनीची फवारणी चुकली, किंवा औषध कमी प्रमाणात मारले, तर रोग उसळतो. इतकेच नव्हे तर अर्धवट औषधातून तगून राहिलेला रोग पुढे त्या औषधाला जुमानीत नाही. विषाणूचेही तसेच. गोळ्या वरचेवर चुकल्या की रक्तातील औषध उतरते, विषाणू वाढतो, वाढताना बदलतो, आणि मग तीच गोळी निरुपयोगी होते. मग दुसऱ्या फळीची, अधिक महाग औषधे द्यावी लागतात.

आरंभीच्या औषधांत शंभरातल्या पंचाण्णव मात्रा तरी पोटात गेल्याच पाहिजेत, असा हिशेब २००० सालच्या सुमारास मांडला गेला. सकाळ-संध्याकाळ मिळून महिन्याच्या साठ गोळ्या. त्यांतील तीनहून अधिक चुकल्या की रुग्ण त्या रेषेखाली गेला! आजची औषधे त्या मानाने थोडी चूक सोसतात. तरीही दिवसाला एक म्हटली तर चाळीस वर्षांच्या आयुष्यात चौदा हजार सहाशे गोळ्या होतात. आपल्यापैकी किती जणींनी डॉक्टरांनी दिलेला पाच दिवसांचा कोर्स पाच दिवस पुरा केला आहे, हे ज्याचे त्याने मनाशी आठवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली म्हटले होते की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजारांचे निम्मेच रुग्ण औषध नेमाने घेतात. तेव्हा गोळी चुकवणारा माणूस बेजबाबदार असतो, असे म्हणण्याआधी थांबावे.

याच सुमारास एक मौजेची, पण मनन करण्यासारखी गोष्ट घडली. २००१ साली अमेरिकेच्या परदेशी मदतखात्याच्या प्रमुखाने असे मत दिले की आफ्रिकेतील लोकांना घड्याळाचा वेळ कळत नाही, त्यांना ही औषधे देऊन उपयोग नाही. गरिबांविषयी असे बोलणारे आपल्याकडेही काही कमी नव्हते. मग प्रत्यक्ष मोजदाद झाली. २००६ साली अनेक ठिकाणच्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा नेमाने औषध घेणाऱ्यांचे प्रमाण उत्तर अमेरिकेत शेकडा ५५ आणि आफ्रिकेत शेकडा ७७ निघाले! ज्यांच्याकडे घड्याळे होती ते मागे पडले, आणि नसलेले पुढे गेले.

असे का व्हावे? नायजेरिया, टांझानिया आणि युगांडा या देशांत काही संशोधकांनी रुग्णांनाच विचारले. त्याचे उत्तर २००९ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांना दवाखान्यात जाण्याचे भाडे कोणा भावाने, कोणा शेजारणीने दिलेले असे. कोणी मुले सांभाळी, कोणी गोळीच्या वेळेची आठवण करी. ज्यांनी इतके केले त्यांच्या उपकाराला जागावे, त्यांच्यात आपली पत राहावी, म्हणून रुग्ण गोळी चुकू देत नसे. गोळी आणि घड्याळ यांच्यामध्ये माणसे उभी होती. मघाशी 'धरण्याजोगे काही' असे मी म्हटले, ते हेच.

आता आपल्याकडील एखाद्या बाईची स्थिती डोळ्यांपुढे आणा. कित्येकींना हा आजार नवऱ्याकडून येतो. पण गरोदरपणातल्या तपासणीत तिचे रक्त आधी तपासले जाते, म्हणून घरात नाव तिचे आधी निघते आणि दोषही तिच्याच माथी येतो. सुरगाण्यासारख्या दूरच्या तालुक्यातून सिव्हिलला यावयाचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. "कोठे चाललीस?" या प्रश्नाला दर खेपेस नवे उत्तर शोधावे लागते. गोळ्यांच्या बाटलीवरचा कागद खरवडून काढावा लागतो. लग्नघरी चार दिवस राहावयाचे तर गोळी कोणासमोर घ्यावी? हरतालिकेच्या निर्जळी उपवासाला ती घ्यावी की नाही? ज्या घरात खरे सांगता येते तेथे सासूच म्हणते, "देव काही औषधावर रागावत नाही. घे घोटभर पाण्याबरोबर." ज्या घरात सांगता येत नाही तेथे गोळी चुकते. दोन्ही घरांत गोळी तीच, सरकारने फुकट दिलेली. घर मात्र निराळे.

औषधाचे स्वतःचे दोषही होते, ते लपवून चालणार नाही. आरंभीच्या वर्षांतील स्टाव्हुडीन या औषधाने पाय जळजळत आणि कित्येकांचे गाल बसत, हातापायांच्या शिरा वर येत. म्हणजे जो आजार गुप्त ठेवण्यासाठी सारा आटापिटा, तो औषधच चेहऱ्यावर लिहून ठेवी. त्या धास्तीने कोणी औषध सोडले, तर तिला दोष कसा द्यावा? २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते औषध हळूहळू बंद करण्यास सांगितले आणि पुढे आपल्याकडेही ते बंद झाले.

या अनुभवांतून वैद्यकाला दुसरी एक गोष्ट कळली. रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मोजल्या म्हणजे त्याची प्रकृती कळली असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने या रुग्णांच्या जीवनमानाची विचारपूस करण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात सहा अंगे आहेत: शरीर, मन, दुसऱ्यावर अवलंबून न राहता वावरण्याची शक्ती, माणसांशी संबंध, भोवतालची परिस्थिती, आणि श्रद्धा. झोप लागते का, पैसा पुरतो का, जवळच्यांचा आधार आहे का, असे साधे प्रश्न त्यात येतात. गोळीने यांतील पहिले अंग बहुतांशी सावरते. उरलेली पाच अंगे गोळीच्या हातात फारशी नाहीत. आणि गंमत अशी की ती पाच सावरली नाहीत तर गोळी चुकते आणि पहिलेही अंग कोसळते. चांगले जीवन हे औषधाचे फळ आहे असे आपण समजतो. वस्तुतः ते औषधाचे मूळही आहे.

अलीकडचा इतिहास थोडक्यात सांगते. २०११ साली नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यात सामील होती. जोडप्यातील एकालाच लागण असताना त्याने लवकर औषध सुरू केले, तर जोडीदाराला होणारी लागण शेकडा ९६ ने घटते, असे दिसले. आज आपल्याला माहीत आहे की नेमाने औषध घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत सापडू नये इतका दबून राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. आईने वेळेवर औषध घेतले तर बाळही बहुधा सुखरूप राहते. २००४ साली पांढऱ्या पेशी फार घटल्यावरच औषध मिळे. २०१७ पासून लागण कळताच ते सर्वांना देण्याचे धोरण आले. २०२० पासून डोल्युटेग्राव्हीर हे नवे औषध असलेली गोळी देण्यास सुरुवात झाली. ती बहुतेकांना दिवसातून एकदाच घ्यावी लागते आणि तिचा त्रासही पूर्वीच्या औषधांहून कमी आहे.

कायदाही बदलला. संसदेने २०१७ साली नवा कायदा केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर यांत या रुग्णांना वेगळे वागवता येत नाही. त्यांच्या संमतीवाचून त्यांचा आजार उघड करता येत नाही. तथापि त्याच कायद्यात सरकारने औषध 'शक्य तितके' पुरवावे असे शब्द आहेत, आणि त्यांवर रुग्णांच्या संघटनांनी तेव्हाच हरकत घेतली होती. ती हरकत अनाठायी नव्हती. २०२२ सालच्या जुलैत औषधांचा तुटवडा पडला म्हणून रुग्ण दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कचेरीपुढे बसले आणि महिन्याहून अधिक काळ बसून राहिले. औषध नेमाने घ्या असे रुग्णाला बजावणाऱ्यांनी ते नेमाने पुरवावे लागते, हे त्यांनी आपल्या बसण्याने सांगितले.

आता जे सांगावयाचे ते सांगताना लेखणी अडखळते. पण वर्धापनदिनी मंडळाने केलेल्या चांगल्या कामांची यादी निघते, तशी राहून गेलेल्याचीही आठवण व्हावी. पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्या शिवणवर्गाला एक बाई येत असे. हात चांगला, काजे फार सुबक करी. एकदा कोणी तरी सांगत आले की त्या बाईला सिव्हिलच्या 'त्या' खिडकीशी पाहिले. तिला कोणी काही बोलले नाही. वर्गाला येऊ नको असेही कोणी म्हटले नाही. चहाच्या वेळी तिचा कप तेवढा वेगळा ठेवला जाऊ लागला. तो वेगळा ठेवणाऱ्यांत मीही होते. पंधरवड्याने ती येईनाशी झाली, आणि का येत नाही हे विचारावयास कोणी गेले नाही. कपाने, ताटाने, हात धरल्याने, एका मशीनवर शिवल्याने हा विषाणू जात नाही, हे तेव्हाही छापून आलेले होते. आम्ही वाचले नव्हते असे नव्हे. वाचलेले मनात उतरले नव्हते.

त्या बाईने पुढे औषध धरून ठेवले की सोडले, मला ठाऊक नाही. पण हा सारा इतिहास लिहून झाल्यावर एवढे कळते की तिच्या गोळीला ज्या चार हातांचा आधार हवा होता, त्यांतले दोन आमच्या वर्गात होते, आणि ते आम्ही काढून घेतले. प्लेगच्या सोजिरांनी जे दंडुक्याने केले, ते आम्ही एका कपाने केले.

मंडळाने यासाठी मोठा समारंभ करावा, फलक लावावा, असे मी सुचवीत नाही. अशा कामाला गाजावाजा मारकच ठरतो. कोणाला काय आजार आहे हे शोधून काढू नये, आणि कळले तर ते आपल्याजवळच ठेवावे. महिन्यातून एकदा एखादी भगिनी कामावर उशिरा आली तर खोदून विचारू नये. कोणी विश्वासाने सांगितलेच, तर तिचे मूल एक दिवस सांभाळावे, बसभाड्याची अडचण भागवावी, सिव्हिलपर्यंत सोबत जावे. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान अशा गरजू रुग्णांसाठीही आहे. त्याचा अर्ज भरून देण्याइतक्या शिकलेल्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. आणि शिवणवर्गातले कप सर्वांचे एकत्र विसळावेत.

गोळी शोधणारे शोधून गेले, ती स्वस्त करणारे करून गेले. तिला रोज रात्री पाण्याचा पेला देणारे घर आणि त्या घराला हसून विचारणारा शेजार, एवढे काम आपल्यासाठी उरले आहे. त्यातले थोडे जरी आपल्या हातून झाले, तरी हा लेख लिहिण्याचे सार्थक झाले असे मी मानीन. इत्यलम्.